वरच्या पट्टीतला आवाज

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं नाव काढलं की माणसं पहिल्या दमात नाळेची आणि दगडाची गोष्ट सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ ऐन रंगात आला आणि कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली, बाळ कुणाच्या तरी हाती दिलं आणि पुन्हा लोकांसमोर आल्या. उतरलेलं पोट पाहून लोक काय ते समजले आणि त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला, इथे ती गोष्ट संपते. सरळगावच्या एसटी थांब्यावर, किन्हवलीच्या बाजारात, शहापूरकडच्या लग्नाच्या मांडवात, जिथे जिथे मी विठाबाईंचा विषय काढला तिथे तिथे मला ती ऐकायला मिळाली. सांगणाऱ्याचा आवाज या ठिकाणी हटकून खाली येतो, ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात.

गोष्ट सांगितली गेलीच पाहिजे. कोणत्या हालातून ही कला चालत आली, हे त्याशिवाय कळायचं नाही. तरी ती ऐकली की दरवेळी माझ्या मनात एकच प्रश्न उरतो. बोर्डावर परत आल्यावर त्या बाईने काय गायलं? गवळण होती की लावणी, की वगातलं पद? सूर लागला का? ढोलकीवाल्याने लय धरून ठेवली होती का, मागे सूर धरणाऱ्या सुरत्यांनी मधला वेळ कसा भरून काढला? हे कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. जी बाई कळत्या वयापासून गात, नाचत आणि सोंगं वठवत आली, तिच्या उभ्या जन्मातली एक रात्र आपण उचलली आणि बाकीच्या हजारो रात्री सोडून दिल्या. या लेखात मला त्या बाकीच्या रात्रींकडे वळायचं आहे.

आमच्या मुरबाड-शहापूरच्या मुलखात तमाशा कुठून आला हे सांगायला रस्ता दाखवला तरी पुरे. मुरबाडहून सरळगाव, टोकावडे, वैशाखरे करत गेलं की माळशेज घाट लागतो. घाट चढून मढ, पुढे ओतूर, आळेफाटा, आणि तिथून पुण्याच्या अंगाला वळलं की थोड्याच वेळात नारायणगाव. त्याहून जुनी वाट नाणेघाटाची. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल त्या खिंडीतून जुन्नरला चढत असे, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहे. वरून खाली बाजरी, कांदा, बटाटा, घोंगड्या यायच्या, खालून वर भात आणि मीठ जायचं. आणि याच कड्यावरून हंगामात तमाशाचे फड उतरायचे. आधी बैलगाड्यांनी, मग ट्रकांनी. ट्रकवर ट्रंका, त्यावर कनातीच्या गुंडाळ्या, त्यावर माणसं, आणि बाजूला फडमालकाच्या नावाची रंगवलेली पाटी.

उतरायचे ते बहुतेक म्हशासाठी. मुरबाड तालुक्यातल्या म्हसे गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. आम्ही तिला नुसतं म्हसा म्हणतो. "म्हशाला जाऊन येतो" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. बैलांचा बाजार हे तिचं मोठं अंग. त्याच्या कडेने घोंगड्या, टोपल्या, सुपं, शेतीची अवजारं, आणि हातोलीची मिठाई. पौषातच ही यात्रा एवढी का फुगते, याचं उत्तर आमच्या भातात आहे. शहापूर-मुरबाड हा भाताचा पट्टा. दिवाळीपर्यंत कापणी, मग झोडणी, मग मळणी. मार्गशीर्ष सरेस्तो भात कणग्यात पडलेलं असतं, थोडं विकून हातात पैसा आलेला असतो, आणि पुढच्या आवणीला अजून खूप अवकाश असतो. वर्षातून एवढेच काही दिवस कुणब्याच्या, आगऱ्याच्या, ठाकराच्या खिशात पैसे खुळखुळतात. फडमालकांना हे पक्कं ठाऊक असे. घाटावर जत्रांचा भर चैत्र-वैशाखात, त्यामुळे पौषातली म्हशाची सुपारी, म्हणजे खेळाचं ठरवलेलं बोलावणं, हंगामाच्या मध्यावर फडाला हात द्यायची.

नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या आधीपासून तिथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, राहुटीत बसून चहा पितात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. फड दोन तऱ्हेचे. एक तंबूचे, जे कनात ठोकून तिकीट लावतात. दुसरे हंगामी, जे गावाच्या सुपारीवर उघड्या मैदानात खेळ करतात. रात्रभर खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात हजेरी, असा दस्तूर. रात्री पहाटेपर्यंत उभं राहिलेली बाई सकाळी पुन्हा चाळ बांधून उभी. हजेरी आटोपली की ट्रकमध्ये बसून पुढचं गाव.

विठाबाई जन्मल्या १९३५ च्या जुलैत, पंढरपूरला, आणि तिथल्या देवाचं नाव त्यांना मिळालं. पण त्यांचं खरं गाव म्हणजे फड. आजोबा नारायण खुडे यांनी उभा केलेला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी नावारूपाला आणलेला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे त्या फडाचं नाव. जात पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असे. ज्या गावांत पाणवठ्यावर ती जात लांब उभी राहत होती, त्याच गावांत तिच्या नावाची पाटी वेशीवरून वाजतगाजत आत यायची आणि पाटील-कुलकर्णी बतावणी ऐकायला जमिनीवर बसायचे. रात्र सरली की व्यवहार पुन्हा पहिल्यासारखा. याचा विचार करताना माझ्या मनाला कधी नीट स्वस्थता लाभत नाही.

मुलीला शाळा मिळाली ती फडातच. गण, गवळण, भेदिक, लावणी हे सगळं अक्षरांआधी कानावर पडलं. त्या बारा-तेरा वर्षांच्या असतील, तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं आणि मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. पुढे समिती नेमून, वग आधी तपासून मंजूर करून घ्यायच्या अटीवर ती उठली. पुष्कळ फड त्या काळात मोडले. जे उरले ते पुढे मुंबईत लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणीकामगारांपुढे उभे राहिले. कामगार घाटावरचा आणि कोकणातला, म्हणजे मुळात जत्रेचाच प्रेक्षक. १९८२ चा संप झाला, गिरण्यांचं परळ विस्कटलं, आणि फडांचा मुंबईतला तो मोठा आधारही हळूहळू गेला.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येते. तमाशातल्या बाईला गाणारी म्हणावं की नटी, हा प्रश्नच तिथे उठत नाही. ती दोन्ही असते, आणि एकाच रात्रीत असते. सुरुवातीला ढोलकी-हलगीची जुगलबंदी, मग गण. गणाला पुरुष उभे राहतात. मग गवळण. बाजाराला निघालेल्या गवळणी, मावशी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या. इथे गाणाऱ्या बाईला विनोदाची वेळ सांभाळावी लागते. मावशीचं काम करणाऱ्या पुरुषाने टाकलेला शब्द तिथल्या तिथे झेलून परत फेकायचा. मग रंगबाजीच्या लावण्या, पायांत किलोकिलोचे चाळ, दम टिकवत सूर टिकवायचा. आणि मध्यरात्र उलटली की वग. वगात ती राणी असेल, केळी विकणारी असेल, सासुरवाशीण असेल, सूड घ्यायला निघालेली असेल. "मुंबईची केळेवाली" हा वग विठाबाईंच्या नावाशी जोडला गेला तो अशाच अनेक रात्रींनी.

वगाचं लिखाण जुन्या फडांत थोडकं. वस्तादाने कथा सांगायची, प्रवेशांचा क्रम ठरवायचा, पदं बसवायची. बाकीचं बोलणं नटांनी समोरचा गाव पाहून करायचं. दुष्काळाचं साल असेल तर राणीच्या तोंडी दुष्काळ येतो. आमच्याकडे खेळ असेल तर भातसा धरणाचं पाणी मुंबईला कसं जातं आणि शहापुरातली बाई हंडा घेऊन कशी वणवणते, हे वगातला राजा ऐकून घेतो. माझ्या लहानपणी असा एक संवाद मी दुरून ऐकलेला आहे, आणि त्यावर उठलेला हशा व त्यामागची क्षणभराची शांतताही. असं बोलायला नटाला पाठांतराच्या पलीकडचं काहीतरी लागतं. कथा पुढे सरकायला हवी, समोरच्या नटाला त्याची ओळ मिळायला हवी, ढोलकीला इशारा द्यायला हवा आणि या सगळ्यात पदाचा सूर मनात तयार ठेवायला हवा. नाट्यगृहात तालमी झालेलं नाटक करणाऱ्या कोणत्याही मोठ्या नटाने ही गोष्ट एकदा उघड्या मैदानात करून पाहावी.

आणि आवाज. मायक्रोफोन फडांत उशिरा आला, गावोगावी तर आणखीच उशिरा. त्याआधी पाच-सात हजार माणसं, आजूबाजूला बैलांचं हंबरणं, पाळण्यांचा कुरकुराट, फुग्यांची पिपाणी, आणि या सगळ्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द गेला पाहिजे. म्हणून तमाशाची पट्टी वर. ज्या उंचीवर बैठकीची गायिका तारसप्तकात क्षणभर जाऊन परत येते, त्या उंचीवर तमाशातली बाई घर करून राहते. मागे सुरत्ये झील ओढतात, तेवढ्या वेळात तिला श्वास घ्यायचा. तो श्वास नाचता नाचता घ्यायचा. दिसता कामा नये. या कामाला घराणं नाही, गंडाबंधन नाही, तरी परंपरा तितकीच कडक आहे. शब्द स्पष्ट हवा. तान आली तरी शब्द बुडता कामा नये, कारण लोक कथा ऐकायला बसलेले असतात.

हे मी इतक्या खात्रीने बोलते कारण तमाशा मी आधी नुसता ऐकलेला आहे. बायकांनी तमाशाला जायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. घरातले पुरुष घोंगडी खांद्यावर टाकून निघायचे, आम्ही ओटीवर. पौषातली हवा कोरडी आणि थंड. बारवी नदीच्या बाजूने वारा असला की आवाज शेतं ओलांडून यायचा. आजी शेगडीपाशी बसून ऐकायची. तिला धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, येत असत. लग्नात धवळारीण म्हणून लांबच्या गावांहून तिला बोलावणं यायचं, त्यामुळे आवाजाची तिची पारख मोठी. चेहरा, साडी, नखरा यांतलं काही समोर नव्हतं. होता तो फक्त सूर आणि शब्द. ती मध्येच म्हणायची, "ही आता दमली." आणि खरंच, पुढच्या कडव्यात सुरत्ये लांब झील ओढत. किंवा म्हणायची, "ही रडत नाही, रडवतेय. बघ, सूर कुठेच हलला नाही." कोणत्या फडाची कोणती बाई गात होती हे आम्हाला कळत नसे. सकाळी पुरुष परतले की नावं कळायची, आणि नारायणगावकरांचा फड असला तर आजी मान डोलवायची. तिने जन्मात एकही तमाशा डोळ्यांनी पाहिला नाही. पण तमाशाबद्दल तिच्याइतकं नेमकं बोलणारं माणूस मला नंतर क्वचितच भेटलं.

कसाऱ्याच्या आणि मोखाड्याच्या बाजूला बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. ठाकरांचा कांबडनाच आहे. आदिवासी पाड्यांवर तारपा आहे. गाणं, नाच आणि सोंग एकाच देहात असणं ही आमच्याकडची जुनीच रीत. त्यामुळे विठाबाईंचा तमाशा आम्हाला परका वाटला नाही. फरक एवढाच की बोहाड्यातला माणूस सोंग उतरवून घरी जातो आणि सकाळी शेतावर लागतो. फडातल्या बाईला जायला घर नसतं, पुढचं गाव असतं.

फ्रान्समध्ये एदित पियाफ नावाची गायिका होऊन गेली. तिच्याबद्दल मी वाचायला लागले तेव्हा पानोपानी मला नारायणगावकरीण दिसू लागली. पियाफ १९१५ च्या १९ डिसेंबरला पॅरिसमध्ये जन्मली. बाप रस्त्यावर कसरती करणारा, आई रस्त्यावर गाणारी. लहानपणी ती नॉर्मंडीत आजीकडे वाढली. ती आजी कुंटणखाना चालवत असे. कळत्या वयात बापाबरोबर फिरून, मग एकटीने, ती गल्लीबोळांत आणि इमारतींच्या चौकांत गायली. वरच्या मजल्यावरच्या माणसाने खिडकी उघडून नाणं टाकावं, म्हणून आवाज वर पोचवायचा. १९३५ मध्ये लुई लप्ले नावाच्या कॅबरेमालकाने तिला रस्त्यावरून उचलून मंचावर उभी केली. म्हणजे विठाबाई जन्मल्या त्याच वर्षी. पुढे तिने चित्रपटांत कामं केली, आणि १९४० मध्ये जाँ कॉक्तो या नाटककाराने खास तिच्यासाठी एकांकिका लिहिली. साधा काळा झगा, जेमतेम पावणेपाच फुटांची उंची, आणि एका गाण्यात एक अख्खं पात्र उभं करायची ताकद. तिचं प्रत्येक गाणं हा छोटा वगच असे.

पियाफच्या नावालाही जन्माची एक दंतकथा चिकटली आहे. बेलव्हिल भागात ७२ क्रमांकाच्या घराच्या पायरीवर, उघड्या रस्त्यावर तिचा जन्म झाला, अशी पाटीच त्या घरावर आहे. जन्मनोंद मात्र जवळच्या तनों इस्पितळातली आहे. आणि ज्या मुष्टियोद्ध्यावर तिचं प्रेम होतं तो मार्सेल सेर्दां १९४९ च्या ऑक्टोबरात तिला भेटायला न्यूयॉर्कला येताना विमान अपघातात गेला. त्या रात्रीही ती गायला उभी राहिली. फ्रान्समध्येही लोक या गोष्टी आवाज खाली आणून सांगत असतील. शेवटच्या वर्षांत देह खचला, ती मंचावर कोसळली, पुन्हा उभी राहिली. १९६० च्या अखेरीस बुडीत निघालेलं ऑलिंपिया नाट्यगृह तिने आपल्या कार्यक्रमांनी सावरलं. १९६३ च्या १० ऑक्टोबरला ती गेली तेव्हा मागे कर्जच होतं. पॅरिसने मात्र तिला निरोप द्यायला रस्ते भरून टाकले.

इथवर दोघींची जिनगानी समांतर चालते. पुढे मात्र वाट फुटते, आणि मला त्या फाट्यावर थांबावंसं वाटतं. पियाफचा आवाज ध्वनिमुद्रिकांवर राहिला. ज्याला तिची दंतकथा ऐकून कंटाळा येईल, तो तबकडी लावून थेट गाणं ऐकू शकतो. ती शब्द कसा चावते, कडव्याच्या शेवटी सूर कसा उघडते, श्वास कुठे घेते, यावर तिथे पुस्तकं निघतात. दुःखाची गोष्ट कितीही मोठी झाली तरी शेजारी गाणं उभं असतं आणि ते स्वतःची बाजू मांडतं. विठाबाईंच्या बाबतीत ही सोय फार थोडी. तबकडीवर किंवा कॅसेटवर मावतं ते काही मिनिटांचं. रात्रभराचा वग, त्यातलं आयत्या वेळचं बोलणं, गावागणिक बदललेला विनोद, पहाटे चार वाजताचं पद, हे कोणत्या यंत्रात धरून ठेवणार? धरायला कुणी गेलंही नाही. मग उरते ती तोंडातोंडी जाणारी गोष्ट, आणि तोंडातोंडी दगड आणि नाळ सहज जातात, सुराचा दर्जा जात नाही.

मराठी सिनेमाने तमाशाला मोठं केलं असं म्हणतात. १९५९ मध्ये अनंत मान्यांचा "सांगत्ये ऐका" आला आणि पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. १९७२ मध्ये शांतारामबापूंचा "पिंजरा" आला. हे चित्रपट मलाही प्रिय आहेत. जयश्री गडकर, हंसा वाडकर, संध्या यांची कामं, राम कदमांचं संगीत, आशाबाई, उषाबाई, सुलोचनाबाई चव्हाण यांचे आवाज, यांतलं काहीही कमी लेखायचं कारण नाही. पण सिनेमाने एक केलं. बाईचे तुकडे केले. नाचणारी एक, गाणारी दुसरी. पडद्यावरचा देह धापा टाकतो तेव्हा आवाज स्टुडिओत शांत उभा असतो. तो आवाज सुरेख असतो, पण त्याला श्वास चोरावा लागत नाही. अशा लावण्या ऐकून वाढलेल्या पिढीने जत्रेतला तमाशा पाहिला तेव्हा तिला फडातल्या बाईचा सूर कर्कश वाटला. तो कर्कश नव्हता, तो हजारो माणसांच्या अंगावरून जायचा होता.

विठाबाईंनी पुढे स्वतःच्या नावाने फड काढला. फडमालकीण होणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. शंभरेक माणसांचा शिधा, हंगामाआधी प्रत्येकाला द्यायची उचल, ती फेडली न गेल्यास पुढच्या हंगामात पुन्हा उचल, सावकाराचं व्याज, ट्रकचं डिझेल, पोलिसांचा परवाना, अवकाळी पाऊस, जत्रेतली भांडणं. रात्री दहा वाजता या सगळ्याचा हिशेब डोक्यातून काढून टाकून गवळणीत लाजायचं. पुरुष फडमालकाला निदान चाळ बांधावे लागत नसत. १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. त्यानंतरही परिस्थिती ओढग्रस्तीचीच राहिली. आजारपणात इस्पितळाचा खर्च भागवायला लोकांना वर्गणी काढावी लागली. १५ जानेवारी २००२ ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, त्या गेल्या. म्हशाची पौर्णिमा तेव्हा दोन आठवड्यांवर आली होती आणि फड घाट उतरायच्या तयारीत असणार.

२००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पहिला मान कांताबाई सातारकरांना मिळाला. त्यांनी तर पुरुष भूमिकाही गाजवल्या. छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका बाईने करावी आणि जत्रेतल्या माणसांनी ती मान लववून स्वीकारावी, हे त्यांनी करून दाखवलं. २०२१ मध्ये करोनाने त्यांना नेलं. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही आईच्या नावाचा हा पुरस्कार मिळाला. त्यांनी फड चालवला, वग गाजवले. त्यांच्या मागे त्यांचा मुलगाही याच धंद्यात आला. घराण्याचं नाव घेण्याची पद्धत ख्यालगायकीत आहे, तशी तमाशात असती, तर नारायण खुड्यांपासूनच्या या पाच पिढ्यांना आपण नारायणगाव घराणं म्हटलं असतं आणि त्यांच्या गायकीची लक्षणं विद्यापीठांत शिकवली असती. मला वाटतं, अजूनही शिकवावीत.

करोनाच्या दोन हंगामांत जत्रा बंद राहिल्या आणि फडांचं कंबरडं मोडलं. राहुट्या उभ्या राहिल्या त्या कमी, सुपाऱ्या आल्या त्या घासाघिशीच्या. आता आमच्याकडच्या काही कमिट्या ऑर्केस्ट्रा बोलावतात, काही नुसता डीजे. रेकॉर्डवर नाचणाऱ्या मुलींचा कार्यक्रम स्वस्त पडतो. त्या मुलींना दोष द्यायला मी तयार नाही, पोटासाठी त्याही तितक्याच उभ्या असतात. पण त्यांना गाऊ दिलं जात नाही, बोलू दिलं जात नाही. एक अख्खी कला पायांपुरती उरते. ज्या गावांत अजून तमाशा येतो तिथेही कमिटी सांगते, वग नको, लोक उठतात, सिनेमाची गाणी वाढवा. फडमालक बिचारा मान हलवतो. लोक उठतात हे अर्धंच खरं आहे. ज्या खेळात वग मन लावून होतो तिथे मी लोकांना थंडीत कुडकुडत बसलेलं पाहिलं आहे.

कायदा आता मोडलाय, म्हणजे बायकांच्या बंदीचा. म्हशाला पुढच्या सतरंजीवर बायका बसतात, पोरं मांडीवर घेऊन, पायाशी हातोलीची पुडी. माझ्या शेजारच्या मावशी गेल्या हंगामात होत्या. भाताच्या मळणीतून सुटून आल्या होत्या, हातांवर अजून कुसळांचे ओरखडे. दोन तरुण मुली बोर्डावर होत्या, आलटूनपालटून गवळण गात. लोक शिट्ट्या मारत होते ते पहिलीला, ती दिसायला देखणी. मावशी गप्प बसून ऐकत राहिल्या. मग ढोलकी थांबताच माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पहिलीचा सूर चांगला वर जातो गं, पण शब्द गिळते ती. दुसरीचं बघ, तिला वगात द्या म्हणावं मोठं काम." आणि त्या उठून हे सांगायला कमिटीवाल्यांच्या टेबलाकडे निघाल्या.